झडप गेलेला बंधारा

बुधवार, २ जुलै

दोन वर्षांपूर्वी, शिमग्यानंतरच्या पानावर मी लिहिलं होतं : 'बाबांच्या आतड्याला पीळ पडला होता. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी तो सोडवला. कापलं काहीच नाही.' यातलं शेवटचं वाक्य चूक आहे. कापलं. लहान आतड्याचा शेवटचा भाग आणि त्याला लागून मोठ्या आतड्याची सुरुवात, एवढं काळं पडलं होतं. ते काढून उरलेली टोकं एकमेकांना जोडली.

जुन्या पानावर खाडाखोड करणार नाही. शाळा खाडीपलीकडे आणि पावसात तर बंद, म्हणून माझी शाळेची पहिली तीन वर्षं घरातच झाली. अक्षरं दमयंतीआत्याने शिकवली, पाढे आणि तिथीवरून भरतीची वेळ काढणं बाबांनी. आत्याचा नियम होता की चुकलेलं खोडायचं नाही, खाली नवीन ओळीवर बरोबर लिहायचं. "खोडलं की आपण काय चुकलो तेच इसरतो," म्हणायची.

मला कळलं ते असं. काल महिपतकाका आमच्या पडवीत जाळं दुरुस्त करत होते. ते बाबांचे चुलतभाऊ, बाबा ज्या बोटीचे तांडेल, म्हणजे कप्तान, तिचं इंजिन तेच बघतात. मी समोर बसून बोय साफ करत होते. माशाची आतडी काढून बाजूला ठेवली तर काकांनी तोंड फिरवलं.

"तेवढं लांब टाक गो. तेव्हापासून बगवत नाय."

"कधीपासून?"

"कोल्हापुरात डॉक्टरनं ताटलीत घालून दाखवलंन ना मला! नातेवाईक कोण, म्हणे, बघून घ्या, एवढं काढलंय. मी म्हटलं, डॉक्टर, आमी जन्मभर हेच बगतो, पण मासळीचं. भावाचं नाय."

मग आपण कोणाशी बोलतोय ते त्यांच्या ध्यानात आलं. म्हणाले, "चहा टाक." चहा न पिताच गेले.

बाबांचं पोट वर्षभर बिघडलेलं आहे. जेवले की फुगतं, ढोलकीसारखं वाजतं, आतून गुरगुर ऐकू येते. दिवसातून कितीदा तरी परसाकडे जावं लागतं आणि पाण्यावर तेलासारखा तवंग राहतो. हे लिहायला लाज वाटते. पण ओवा, कोकमाचं सार, नाचणीचं आंबील, जिरं सगळं करून झालं, आणि ज्या माणसाच्या खांद्यावर बसून मी पालखी बघितली त्याच्या खांद्याची हाडं आता सदऱ्यातून दिसतात.


शुक्रवार, ४ जुलै

बाबांना विचारलं.

"कोण बोललं?"

"ते नाही सांगणार."

"म्हंजे महिपत."

मला खोटं बोलता येत नाही आणि गप्प बसणंही नीट जमत नाही.

बाबा रागावले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, "हे बग बाय. तांडेल म्हंजे काय? वादळ आलं की माणसं बोटीकडं नाय बगत, तांडेलाच्या तोंडाकडं बगतात. त्याच्या पोटात काय कमी हाय असं कळलं तर नारळी पुनवेला माझ्या बोटीवर चढेल कोण? वजीरशेठ चांगला माणूस हाय. पण बोट त्याची. दुसरा तांडेल त्याला सकाळी मिळेल."

"पण डॉक्टरांना तरी..."

"डॉक्टरीणबायचा कंपाउंडर आपल्याच वाडीतला. आमच्या खलाश्याचा सख्खा भाऊस. तिच्या कानात गेलं की संध्याकाळी जेटीवर."

मग त्यांनी माझा हात धरून स्वतःच्या गळ्याला लावला आणि आतडं कापल्याचं डॉक्टरांना सांगणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. मी घेतली. ते लिहून ठेवते, कारण घेतली हे खरं आहे. मनापासून घेतली का, ते मला अजून ठरवता येत नाही.


मंगळवार, ८ जुलै

डॉक्टरीणबाईंकडे, म्हणजे डॉक्टर पूर्वींकडे, दुसऱ्यांदा गेलो. मागच्या महिन्यात त्यांनी रक्त तपासलं होतं. रक्त कमी आणि बी-ट्वेल्व्ह फारच कमी निघालं, म्हणून गोळ्या दिल्या. आज पुन्हा तपासलं. जवळजवळ तिथेच.

मॅडमनी कागद खाली ठेवला. "गंगारामभाऊ, गोळ्या घेता ना?"

"घेतो."

"खरं सांगा. बी-ट्वेल्व्ह कमी मला शाकाहारी लोकांत दिसतं. तुमच्या घरात दोन वेळा मासळी. तुमचं कमी व्हायचं कारणच नाही."

"मी स्वतः हातात देते, मॅडम," मी म्हटलं. "पाण्याचा तांब्या घेऊन उभी राहते."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं, मग बाबांच्या पोटावरच्या टाक्यांच्या व्रणाकडे. "हा छेद मोठा आहे. नक्की काय केलं होतं?"

"पीळ पडला होता. सोडवलान."

"काही काढलं?"

"नाय."

"कागद?"

"गेल्या पावसात घरात पाणी आलं. भिजले."

कागद खरंच भिजले होते. बाकीच्या वेळी मी मॅडमच्या टेबलावरच्या पेनकडे बघत होते. दाराबाहेर कंपाउंडर कोणाला तरी मोठ्याने नंबर सांगत होता.

परत येताना बाबा म्हणाले, "चांगली बसलीस."

आजच्या दुसऱ्या दोन गोष्टी. बाबांची उजवी चप्पल रस्त्यात पायातून निघाली आणि ते तसेच पुढे गेले, मी मागून हाक मारली तेव्हा थांबले. म्हणाले, पट्टा सैल झालाय. मी पट्टा बघितला, घट्टच होता. आणि घरी आल्यावर तोंड धुताना त्यांनी एक हात भिंतीला टेकला होता. अशक्तपणा फार आलाय. उद्यापासून आमटीत नारळ जास्त घालीन.


शुक्रवार, ११ जुलै

बाबा खाडीत पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, टाकायला गेले होते. समुद्र बंद असला की त्यांना घरात बसवत नाही. परत आले, ओट्यावर बसले, तर आत्या ओरडली, "गंगाराम, रक्त! अरे लादीभर रक्त!"

शेंगटी माशाचा काटा टाचेत मोडून राहिला होता. शेंगटीचा काटा लागला की मोठी माणसं भोकाड पसरतात. महिपतकाकांना एकदा हाताला लागला होता तर त्यांनी गावातल्या सगळ्या देवांना एकेक शिवी दिली होती. बाबा मात्र टाच वळवून बघत होते, जणू दुसऱ्याची आहे.

"लागला तेव्हा कळलं नाय?" आत्याने विचारलं.

"चिखलात काय कळतंय."

आत्या माझ्याकडे वळून अभिमानाने म्हणाली, "लहानपणापासून असाच. सोसायची ताकद लय."

मलाही अभिमान वाटला. बाबांना सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी काटा काढला, इंजेक्शन दिलं, जखम चिघळू नये म्हणून आठवड्याभराच्या गोळ्या दिल्या. पाय सुजलाय.


गुरुवार, १७ जुलै

हे घाईने लिहीत नाही, नीट खात्री करून लिहितेय : बाबांचं पोट बरं आहे. परवापासून फुगलं नाही. काल ते दुपारी जेवून तिथेच झोपले, उठून पळावं लागलं नाही. आज स्वतःहून दुसऱ्यांदा भात मागितला.

घरात श्रेयासाठी भांडण आहे. सोमवारी आत्याने देवीला कौल लावला होता, बाबांनी यंदा बोट न्यावी का म्हणून. गुरवाने पाषाणाला पाण्याने भिजवून फुलाच्या कळ्या चिकटवल्या आणि उजवी कळी आधी पडली, म्हणजे होकार. "देवीनं उजवा दिलान आणि दुसऱ्या दिवशी पोट जागेवर! आता बोला," आत्या म्हणते.

महिपतकाका म्हणतात, "कौल ठीक हाय. पण ओव्याचा अर्क कोणी आणलान?"

"तुज्या अर्कानं भिंतीचा रंग निघेल, मेल्या."

"मग पोटातली घाण निघाली तर नवल काय?"

मला आपलं वाटतं की मी चहातला गूळ आणि आमटीतला नारळ बंद केला, त्याने झालं. नारळ वाढवल्यावर पोट जास्तच बिघडलं होतं, म्हणून मी तो तिसऱ्या दिवशी बंद केला. हे मी कोणाला बोलले नाही. बोलले असते तर आत्या म्हणाली असती, नारळाशिवाय कोणी बरं झालंय का.

दुपारी जेटीवर सगळे हसले. काकांनी बाबांना मासळी तोलायच्या काट्यावर उभं केलं. काटा थांबला तिथे काकांचं हसू थांबलं, पण लगेच म्हणाले, "सुरमय असतास तर बर्फाचापण खर्च निघाला नसता रे तुजा."


सोमवार, २१ जुलै

लिहिण्यासारखं काही नाही. असंच राहू दे.


शनिवार, २६ जुलै

परत सुरू झालं. गुरुवारी थोडं, काल जास्त. आज बाबा सकाळपासून काही खात नाहीत. मी ताट वाढलं तर म्हणाले, "आता बोटीवर जायचंय, नको." आता ध्यानात येतंय की कुठे जायचं असलं की ते जेवतच नाहीत. मी ते काटकपणा समजत होते.

आत्या म्हणाली, कोणाची तरी नजर लागली. काका म्हणाले, अर्क संपला.

मी शिकवते त्या बालवाडीत मुलांना चिखलाची भांडी करायला बसवलं आणि तेवढ्या वेळात विचार केला. एक गोष्ट बंद पडली असेल तर ती शोधायची. देवीची कळी अजून बाबांच्या उशाशी आहे. गूळ आणि नारळ अजून बंद आहेत, मी शपथेवर सांगू शकते. काकांच्या अर्काची दुसरी बाटली मीच काल उघडली, तो संपलाय हे काका उगाच म्हणतात. मग बरं होताना काय होतं, जे आता नाही?

पायाच्या गोळ्या.

त्या सुरू झाल्यावर चार-पाच दिवसांत पोट निवळलं आणि संपल्यावर आठवडाभरात बिघडलं. जखमेच्या गोळ्या पोटाला कशा लागू पडतील, मला माहीत नाही. मी शिकलेली नाही त्यातलं. दोन गोष्टी शेजारी घडल्या म्हणून एक दुसरीमुळे घडली असं होत नाही, हे मी आत्याला कौलाबद्दल मनात म्हणत होते, तेच मला लागू आहे. पण कोणाला तरी विचारायलाच हवं.

शपथ अशी होती की डॉक्टरांना ऑपरेशनचं सांगायचं नाही. विचारायचं नाही अशी नव्हती.


मंगळवार, २९ जुलै, नागपंचमी

आज घरात चिरायचं नाही, तवा चढवायचा नाही, म्हणून स्वयंपाक लवकर उरकला. बालवाडीच्या मागच्या कठड्यावर बसून डॉक्टर पूर्वींना फोन केला. आधी काय बोलायचं ते दोनदा म्हणून बघितलं.

"मॅडम, कोणाचं ते विचारू नका. एखाद्या माणसाच्या लहान आतड्याचा शेवट आणि मोठ्याची सुरुवात काढलेली असली, आणि नंतर त्याचं पोट फुगत असलं, वजन उतरत असलं, आणि दुसऱ्याच कशासाठी अँटिबायोटिक दिल्यावर थोडे दिवस बरं वाटून परत तसंच झालं, तर त्याला काय म्हणायचं?"

पलीकडे मॅडम उठल्याचा आवाज आला. मग दार लोटल्याचा आवाज.

"कोणाचं ते न कळता मी औषध सांगणार नाही," मॅडम म्हणाल्या. "पण समजावून सांगते. लहान आणि मोठ्या आतड्याच्या मध्ये एक झडप असते. एकाच बाजूला उघडणारी. मोठ्या आतड्यात जंतू असतात, असायलाच हवेत. लहान आतड्यात ते अगदी थोडे. झडप काढली की ते वर चढतात आणि तिथे ठाण मांडतात. माणसाने खाल्लेलं त्याच्या अंगी लागायच्या आधी ते खातात, आंबवतात, त्याने पोट फुगतं. तेल-तूप, नारळ पचत नाही, तसंच बाहेर पडतं."

मला आमच्या खारबंधाऱ्याची झडप डोळ्यापुढे आली. ओहोटीला उघडते, शेतातलं पाणी बाहेर जातं. भरतीला आपोआप मिटते. ती मोडली त्या वर्षी खारं पाणी उलटं शेतात शिरलं आणि वर कितीही पाऊस पडला तरी भात पिवळाच राहिला. आम्ही बाबांवर वरून पाऊस पाडत होतो.

"आणि मॅडम, बी-ट्वेल्व्ह?"

"ते जिथे शोषलं जातं तो तुकडाच काढलेला. उरलंसुरलं जंतू खातात. अशा माणसाला मी महिना महिना गोळ्या देत बसले तर मी मूर्ख. त्याला इंजेक्शन लागतं. आणि जंतूंसाठी तपासून, ठरवून औषध, कदाचित पुन्हा पुन्हा. दुकानातून आणून नाही हं! ऐकतेयस?"

"हो."

"त्या माणसाचे पाय कसे आहेत?"

मी म्हटलं, एका पायाला जखम झाली होती, भरली.

"ते नाही. डोळे मिटून उभं राहता येतं का बघ. बी-ट्वेल्व्ह फार दिवस कमी राहिलं की नसा जातात. लवकर सुरू केलं तर सुधारतात, उशीर झाला तर परत येत नाहीत." मग म्हणाल्या, "सोमवारी माझा कंपाउंडर सुट्टीवर असतो. त्या दिवशी मी एकटीच असते. सहज सांगितलं."

कंपाउंडरबद्दल मी काहीच बोलले नव्हते. त्यांनी ते का सांगितलं कोण जाणे.


गुरुवार, ३१ जुलै

उद्यापासून पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठते. मोठ्या बोटी उद्याच निघतील. आमची नारळी पौर्णिमा झाल्यावर, शनिवारी नऊ तारखेला. मिरकरवाड्याच्या बंदरात बाबांचा डबा घेऊन गेले तेव्हा वजीरशेठ धक्क्यावर खुर्ची टाकून बसले होते.

"ये ये, मनस्वी. तुझा बाप काही बोलत नाही हल्ली. जावई शोधतोय की काय?"

"तुम्हीच विचारा, शेठ."

"मी विचारलं तर म्हणतो, शेठ, बोटीला रंग कमी पडलाय. एवढंच." मग हसू कमी करून म्हणाले, "बारीक झालाय गं. घरी आमची फरीदापण म्हणते. काय असलं तर सांगत जा. मी परका नाही."

मी मान हलवली. जिभेवर होतं. शपथ डॉक्टरांबद्दल होती, शेठबद्दल नव्हती, असंही मनात येऊन गेलं, आणि असं शब्दात शोधून पळवाट काढायची मला लाज वाटली.

बाबा धक्क्यावरून फळीने बोटीवर चढले ते पायांकडे बघत बघत. एक पाऊल ठेवायचं, ते नीट पडलं का बघायचं, मग दुसरं. आमच्या बालवाडीतली मुलं पायरी अशी उतरतात. ज्या फळीवरून ते बर्फाची लादी पाठीवर घेऊन पळत जायचे, ती हीच.

जेवणाआधी त्यांनी डोळे मिटून बादलीतल्या पाण्याने तोंड धुतलं. एक हात कठड्याला.

"दोन्ही हातांनी धुवा ना, बाबा."

"कशाला?"

"सहज."

त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. तोंडावरून पाणी गळत होतं. "कोणी सांगितलं तुला?"

बाबा जाळ्याच्या ढिगावर बसले आणि मला शेजारी बसायची खूण केली.

"बोट हातानं नाय चालत गो. सुकाणूवर हात असतो तो लोकांना दिसायला. पाणी पायाला कळतं. मागनं लाट येते ती पयली टाचेला कळते, मग कानाला. आमच्या बापसानं मला तसंच शिकवलंन, सुकाणूवर अनवाणी उभा करून." त्यांनी पाय पुढे केले, जखमेचा आणि दुसराही. "गेला हंगाम मला काय कळत नाय. कापसावर उभा असल्यागत. डोळ्यानं बगून चालवली बोट. दिवसा चालते. अंधार पडला की मी देवीचं नाव घेतो आणि महिपतला गप्पा मारायला पुढं बसवतो, म्हंजे त्याच्या आवाजावरून मला कळतं बोट कुठं झुकली."

"महिपतकाकांना माहीत आहे?"

"त्याला वाटतं मला त्याचे इनोद आवडतात."

मला हसू आलं आणि लगेच रडू आलं. बोटीवर आठ माणसं असतात.

"आणि तुम्ही परत जाणार?"

"नाय गेलो तर कोण होऊ मी?"

शेंगटी लागली तेव्हा आत्या आणि मी अभिमानाने बघत होतो. ते पान मी आता वाचलं. तिथे काही दुरुस्त करण्यासारखं नाही. लिहिलंय ते सगळं घडलं होतं. फक्त त्याचा अर्थ तो नव्हता.


शुक्रवार, १ ऑगस्ट

आत्याला सगळं सांगितलं. झडप, जंतू, इंजेक्शन, पाय. ती वाल सोलत होती, सोलत राहिली.

"देवीनं उजवा दिलान," म्हणाली.

"काय विचारलंस तू तिला?"

"विचारलंन गुरवानं. गंगारामानं यंदा बोट न्यावी काय, हंगाम बरा जाईल काय."

"आतडं कापलंय ते सांगितलंस?"

"गुरवासमोर? त्याची बायको पाणवठ्यावर..."

"म्हणजे देवीलापण नाही सांगितलं."

वालाचा दाणा तिच्या हातातून निसटून चुलीखाली गेला. मी थांबायला हवं होतं. थांबले नाही. म्हटलं, "डॉक्टरीणबाईंना अर्धं सांगितलं, त्यांनी अर्ध्यावर औषध दिलं. लागू पडलं नाही. देवीलाही गाऱ्हाणं अर्धंच घातलंत. तिने विचारलं तेवढ्याचं उत्तर दिलं. तिच्याकडे बोट दाखवून कशाला बाबांना पाण्यात पाठवतेस?"

आत्याचा चेहरा लाल झाला. "तुला अक्षर शिकवलं ती मीच मेली मूर्ख."

"हो. तूच शिकवलंस."

ती उठून परसात गेली. मी वाल सोलत बसले. दाणे बोटांत चेचले जात होते. आत्याशी असं मी कधी बोलले नव्हते. पण बोलले त्यातला एकही शब्द मला मागे घेता येत नाही, मी तपासून बघितलं.

संध्याकाळी दिवा लावल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. बराच वेळ वाती वळत होती. मग एकदम विचारलं, "ती इंजेक्शनं लय दुखतात काय गो? त्याला सुईची भीती हाय. लहानपणापासून. कोणाला सांगू नको."


शनिवार, २ ऑगस्ट

शपथेचा विचार संपवला. बाबांच्या गळ्याची शपथ मोडली तर बाबांना काही होईल, असा तिचा अर्थ. पाळल्यावर काय होतंय ते मी रोज ताट वाढताना बघतेय. मोडल्याचा दोष माझ्यावर येईल, येऊ दे. पाळल्याचा दोष आठ घरांवर जाईल.

पण पाठीमागून काही करायचं नाही, असं ठरवलं. म्हणून आज दुपारी बाबांपुढे जाऊन उभी राहिले. ते चटईवर पडले होते, महिपतकाका शेजारी विडी शोधत होते.

"बाबा, तुम्हाला सांगून करतेय. मी शपथ मोडणार आहे. सोमवारी सकाळी डॉक्टर पूर्वींना ऑपरेशनचं सगळं सांगणार. सोमवारी कंपाउंडर नसतो. तिथून मिरकरवाड्याला जाऊन वजीरशेठना सांगणार की पाय सुधारेपर्यंत तुम्ही सुकाणूवर उभे राहणार नाही. तुम्ही स्वतः सांगितलंत तर मी तोंड उघडणार नाही. तुम्ही सांगितलेलं बरं. पण नाही सांगितलंत तर मी सांगेन."

काकांची विडी सापडली होती, ती त्यांनी पेटवली नाही. "पाय? पायाला काय झालंय?"

बाबा उठून बसले. मला वाटलं मारतील. लहानपणीसुद्धा कधी मारलं नाही, तरी वाटलं. ते काकांकडे बघत म्हणाले, "तुजे इनोद मला आवडत नाय, महिपत. वर्षभर सांगायचं राहिलं." आणि बाहेर निघून गेले.

काका मला विचारत बसले, मी सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "मग एखाद्या राती मी पुढं बसून झोपलो असतो तर?" हातातली विडी त्यांनी कानामागे खोचली. उठताना म्हणाले, "हंगामभर सुकाणू मी धरीन. तो शेजारी बसून शिव्या देईल. खलाश्यांना काय, शिव्या त्याच असल्या की झालं. पण ते त्यानंच शेठला सांगायला हवं. मी सांगितलं तर तो जन्मात बोलणार नाय माज्याशी."

बाबा दिवेलागणीला परत आले. माझ्याशी बोलले नाहीत. आत्याने वरणभात वाढला, वर नारळ न घालता. तिने विचारल्याशिवाय नारळ वगळला हे बघून मला तिला मिठी मारावीशी वाटली, पण ती अजून माझ्यावर रागावली आहे. बाबा निमूट जेवले. हात धुवून ते काकांच्या अंगणाकडे गेले आणि कुंपणावरून त्यांना सांगताना मी ऐकलं, "परवा जाळी बगायला तूच जा. मला जमणार नाय." मग आत येऊन आत्याला विचारलं, त्यांचा तो पांढरा सदरा धुतलेला आहे का.

सोमवारी त्यांना कुठे जायचं असेल, मला विचारायचा धीर झाला नाही. कदाचित माझ्या समोरून निघून जायचं असेल. मी त्यावर अवलंबून राहणार नाही. पहिल्या एसटीने निघायचं, आठपर्यंत दवाखान्यात. काय सांगायचं ते मी तीन वाक्यांत बसवलंय आणि त्यात एकही शब्द जास्तीचा नाही. बाबा आले तर त्यांच्याबरोबर, नाही आले तर एकटी. जायचं ते सोमवारी, ४ ऑगस्टलाच.